स्तंभ आहे, वाट नाही

शिरूरहून कोरेगाव भीमा आजच्या हायवेने अडतीस-चाळीस किलोमीटर पडतं. म्हणजे फुल मॅरेथॉनला दोन-चार किलोमीटर कमी. मी शिरूरचा आहे, पाच वर्षांपासून पळतोय, आणि हा साधा हिशोब मला गेल्या वर्षापर्यंत सुचला नव्हता.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठ-साडेआठला कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन शिरूरच्या छावणीतून निघाला. पुण्याला कुमक पोचवायची होती. सोबत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे पाचशेच्या आसपास शिपाई, अडीच-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्या चालवणारे मद्रासचे गोलंदाज. रात्रभर चालून ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावच्या अलीकडच्या उंचवट्यावर पोचले, आणि समोर नदीपलीकडे दुसऱ्या बाजीरावाची फौज दिसली. चालायला तेरा-चौदा तास लागले. आपल्याकडच्या मॅरेथॉनचा कटऑफ यापेक्षा कितीतरी कमी असतो, पण आपण तोफा ओढत नाही. शिवाय आपल्याला फिनिश लाइनला केळं आणि मेडल मिळतं. त्यांना रात्री नऊपर्यंत चाललेली लढाई मिळाली.

मॅरेथॉन हेसुद्धा मुळात एका रणांगणाचंच नाव. इ.स.पू. ४९० मध्ये तिथे अथेन्सवाल्यांनी इराणी फौजेला हरवलं. त्यांच्या १९२ मृतांवर रचलेला मातीचा ढिगारा आजही तिथे आहे. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये त्या गावाहून अथेन्सपर्यंतची पहिली शर्यत स्पिरिडॉन लुईस नावाच्या माणसाने जिंकली. त्याचा धंदा पाणी वाहण्याचा. हे लक्षात ठेवा, कारण कोरेगावची लढाई बरीचशी पाण्याची होती.

तर हा लेख एका रणांगणाबद्दल आहे. आपण ते कसं वाचतो, त्याहून जास्त म्हणजे कसं वाचत नाही, याबद्दल. मी इतिहासकार नाही, खराडीत बसून कोड लिहितो. पण ज्या गोष्टीवर एवढं बोललं जातं, तिची जागा पायाखालून घालून पाहणारे इतके कमी का, हा प्रश्न मला पळणारा म्हणून पडला.

सुरुवात दुसऱ्याच रणांगणापासून करतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने तीन महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं तेव्हा एका रविवारी मी गेटिसबर्गला पळायला गेलो. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांची अमेरिकी यादवी युद्धातली लढाई. १८९५ पासून ते मैदान सरकारी राखीव पार्क आहे. आत रस्ते, पायवाटा, तेराशेहून जास्त स्मारकं आणि खुणेचे दगड. पहाटे लोक कुत्री घेऊन चालतात, पोरं सायकली मारतात. मी सेमिनरी रिजपासून सिमेटरी रिजपर्यंतचं जवळपास मैलभराचं मोकळं रान पळत पार केलं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांनी याच रानातून चाल केली होती. नकाशावर ते रान सपाट दिसतं, पळताना कळतं की ते सपाट नाही. मध्येच जमीन खाली बसते, समोरची रांग दिसेनाशी होते, वाटतं की आपण लपलो. पुन्हा चढ येतो आणि आपण उघडे पडतो. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नसतं. पोटऱ्यांनी सांगितलं.

तेव्हा मी भारावलो होतो. वाटलं, हे आपल्याकडे का नाही? आपल्याकडे काय कमी रणांगणं आहेत? वडगाव मावळ, खर्डा, असई, खडकी, आष्टी. यादी पाठ असते, जागा पाठ नसते.

मग मनात आलं, माझ्या घरापासून सगळ्यात जवळचं रणांगण कुठलं? आणि मी तिथे कधी गेलोय?

उत्तर सोपं होतं. शिरूर-पुणे एसटीतून ते गाव मी शेकडो वेळा ओलांडलंय. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, मग पूल, मग पेरणे फाटा. पूल ओलांडला की स्तंभ दिसतो. मी एकदाही उतरलो नव्हतो. आमच्या घरात कुणीच उतरलं नव्हतं. कुणी 'जायचं नाही' असं सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

इंजिनिअरिंगला माझा रूममेट दौंडचा. वडील रेल्वेत, घर रेल्वे क्वार्टर्समध्ये. तो दर १ जानेवारीला घरच्यांबरोबर स्तंभाला जायचा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून, मग त्यांचं बोट धरून, मग स्वतः लहान भावाला धरून. तो मला सांगायचा की शिरूरची घोड नदी त्यांच्या दौंडच्या वरच भीमेला मिळते, म्हणजे तुमचं सगळं सांडपाणी आमच्याकडे. यावर आम्ही चार वर्षं हसलो. स्तंभावर मात्र कधी बोललो नाही.

२०१८ च्या १ जानेवारीला, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, तिथे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. दगडफेक, जाळपोळ, एका तरुणाचा मृत्यू, मग बंद, चौकशी आयोग, अटकसत्र. माझा रूममेट त्या दिवशी तिथे होता. रात्री उशिरा हॉस्टेलवर आला. मी विचारलं, "सगळं ठीक ना?" तो म्हणाला, "हो." आणि झोपला. त्याच आठवड्यात मी आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फॉरवर्ड केला. '५०० विरुद्ध २८,०००' हे कसं चूक आहे, पेशव्यांच्या फौजेतले प्रत्यक्ष लढलेले कसे दोनेक हजारच होते, वगैरे. तो ग्रुपमध्ये होता. निळ्या टिका दिसल्या. उत्तर आलं नाही.

त्या मेसेजमधला आकडा खरा होता, गंमत ही आहे. पेशव्यांची एकूण फौज सुमारे अठ्ठावीस हजार. त्यातल्या अरब, गोसावी वगैरे पायदळाच्या सहा-सहाशेच्या तुकड्या गावावर चालून गेल्या, बाकी फौज बाहेर उभी होती. पण बरोबर आकडा चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसासमोर, चुकीच्या हेतूने टाकला की तो वाचन राहत नाही, दगड होतो. हे कळायला मला सहा वर्षं लागली.

आता स्तंभाकडे. त्याला मी एक मजकूर समजून वाचणार आहे, कारण तो तसाच आहे.

१८२१ मध्ये कंपनी सरकारने पायाभरणी केलेला हा साठ-पासष्ट फुटांचा दगडी स्तंभ. अंगावर इंग्रजी आणि मराठी मजकूर, आणि मेलेल्यांची नावं. लेखक कोण ते स्पष्ट आहे: कंपनी. सूरही स्पष्ट आहे: पूर्वेकडच्या ब्रिटिश फौजेचा अभिमानाचा विजय. वाचक म्हणून त्याच्यासमोर कोण होतं? येणारे-जाणारे गोरे अधिकारी, आणि नुकतंच राज्य गेलेलं पुणं. आम्ही कसे लढतो बघा, असं दोघांना सांगायचं होतं.

पण लेखकाने एक गोष्ट केली जिचे परिणाम त्याला माहीत नव्हते. त्याने शिपायांची नावं कोरली. ४९ नावं, त्यांतली २२ 'नाक' शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. याची तुलना त्याच काळातल्या पुस्तकाशी करा. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ ला आला. त्यात या लढाईचं वर्णन चांगलं दोन-तीन पानं आहे, थरारकही आहे. लेफ्टनंट चिझमचं मुंडकं कापलं गेलं, ते धड दाखवून स्टॉन्टनने शरण जाऊ पाहणाऱ्या गोलंदाजांना 'शरण गेलात तर तुमचंही हेच होईल' असं बजावलं. जखमी पॅटिन्सन पुन्हा उठून तोफ परत मिळवायला धावला. सगळं आहे. पण नावं कुणाची? अधिकाऱ्यांची. शिपाई आकड्यांत येतात. म्हणजे पुस्तकात आकडे आणि दगडावर नावं. एरवी उलटं असतं. स्मारकं ढोबळ असतात आणि पुस्तकं बारकाईची.

आणि मग शंभराहून जास्त वर्षांनी, १ जानेवारी १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. कंपनीने कल्पनाही केली नसेल असा वाचक. मधल्या काळात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केलेली होती, म्हणजे ज्यांची नावं कोरली त्यांच्या नातवंडांना दार लावलेलं. नव्या वाचकाने मजकुरातला एक शब्दही बदलला नाही. फक्त कुठली ओळ महत्त्वाची ते बदललं. सेनापतीचं नाव मागे गेलं, 'नाक' पुढे आलं. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. साहित्यात आपण लेखकाच्या हेतूबिहेतूवर भलमोठे लेख लिहितो. वाचकाने मजकूर ताब्यात घेण्याचं याहून मोठं उदाहरण मला मराठीत माहीत नाही.

ही वृत्ती आमच्या भागाला नवी नाही, हे जाता जाता सांगतो. शिरूरला कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे, तो १८०९ ला तिथे वारला. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की गावातले लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणून पुजत. इंग्रजांनी थडगं बांधलं, लोकांनी देव केला. आमच्याकडे दगड ज्याने उभा केला त्याचा राहत नाही.

कोरेगावच्या लढाईने पेशवाई बुडाली का, यावर यूट्यूबवर तासन्‌तास भांडणं आहेत. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण नोव्हेंबर १८१७ मध्येच लागलं होतं, बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पडले, बाजीराव जूनमध्ये शरण आला. हे सगळं खरं आहे आणि याने स्तंभासमोर डोकं टेकणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही, पडायचं कारणही नाही. तो तिथे लष्करी डावपेच शिकायला आलेला नसतो. तो नाव वाचायला आलेला असतो.

मग माझी तक्रार काय? माझी तक्रार स्तंभाबद्दल नाही. स्तंभाभोवती काहीच नाही, याबद्दल आहे.

स्तंभ हा एक बिंदू आहे. बिंदूवर तुम्ही येता, थांबता, परत जाता. बिंदूवर गर्दी होते, बंदोबस्त होतो, भाषण होतं. पण लढाई बिंदूवर झाली नव्हती. ती झाली नदीच्या पलीकडे, कोरेगावच्या गल्ल्यांत, घराघरांतून, देवळाच्या आसपास. स्तंभ हवेली तालुक्यात, पेरण्याच्या हद्दीत. लढाईचं गाव शिरूर तालुक्यात. मध्ये भीमा आणि हायवेचा पूल. स्तंभाला येणारे बहुतेक पूल ओलांडून गावात जात नाहीत. गावातले बहुतेक पूल ओलांडून स्तंभाला येत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत नदी ज्या कामाला आली, थोड्याफार फरकाने आजही त्याच कामाला येते.

तेव्हाची गोष्ट अशी होती: रात्रभर चाललेले शिपाई उपाशी, तहानलेले गावात घुसले. पाणी हाकेवर होतं, पण नदीकडची वाट पेशव्यांच्या लोकांनी धरलेली. दिवसभर पाणी नाही. सूर्य कलल्यावर कसंबसं मिळालं, रात्री नऊला गोळीबार थांबला. सव्वाआठशेच्या आसपास माणसांपैकी पावणेतीनशे मेले, जखमी झाले किंवा हरवले. दुसऱ्या रात्री जखमींना घेऊन ते निघाले आणि ३ तारखेला पुन्हा शिरूरलाच पोचले. पुणं राहिलंच.

आता सांगा, गाव ते नदी हे अंतर किती? चढ की उतार? आडोसा आहे की उघडं रान? ज्या एका प्रश्नावर तो दिवस टांगलेला होता, त्याचं उत्तर देणारी पन्नास फुटांची पायवाटही आखलेली नाही. दोन्ही बाजूंचे लोक तासभर लढाईबद्दल बोलू शकतात आणि नदी कुठे आहे ते हाताने दाखवू शकत नाहीत.

गेटिसबर्गहून आलो तेव्हा मी इथेच थांबलो असतो आणि म्हटलं असतं, चला, ट्रेल करूया, पाट्या लावूया, क्यूआर कोड चिकटवूया. दौंडच्या मित्राला उत्साहाने सांगितलंही. त्याने शांतपणे विचारलं, "पाट्यांवर काय लिहिणार? दोन्हीकडचे शूर होते?"

मी गप्प बसलो, कारण नेमकं तेच माझ्या डोक्यात होतं.

मग मी गेटिसबर्ग पुन्हा वाचलं. १९१३ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, तिथे दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून जास्त म्हातारे सैनिक जमले, एकमेकांशी हस्तांदोलन केलं, फोटो निघाले. लढाई कशावरून झाली होती ते मात्र बाजूला राहिलं. गुलामगिरी हा शब्द त्या पायवाटांवरून जवळजवळ शतकभर गाळलेला होता. रणांगणावर पराक्रम सांगायचा, कारण सांगायचं नाही, असा शिरस्ता. पार्क खात्याने २००० च्या आसपास कुठे ते कारण नीट सांगायला घेतलं. आणि हो, सिमेटरी रिजवर, जिथे ती चाल येऊन धडकली तिथेच, एक छोटं पांढरं घर आहे. अब्राहम ब्रायन नावाच्या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं. लढाईआधी त्याचं कुटुंब पळून गेलं, कारण दक्षिणेची फौज काळ्या माणसांना पकडून गुलाम म्हणून नेत होती. मी त्या घरासमोरून त्या रविवारी दोनदा पळत गेलो होतो. माझ्या घड्याळात त्या किलोमीटरचा पेस उत्तम आहे.

म्हणजे वाटसुद्धा निष्पाप नसते. वाट आखणारा ठरवतो तुम्ही कुठे उभं राहायचं, कुणाच्या डोळ्यांनी बघायचं. कोरेगावला सुंदर फरसबंद ट्रेल झाला, दोन्ही बाजूंच्या तोफांच्या प्रतिकृती बसल्या, सेल्फी पॉइंट झाला, आणि 'नाक' ही दोन अक्षरं चौदाव्या पाटीच्या तिसऱ्या परिच्छेदात गेली, तर ते आत्ताच्या काहीच-नाही पेक्षा वाईट. स्तंभ हट्टी आहे, तो फक्त नावं सांगतो, आणि त्या हट्टामुळेच ती नावं टिकली. हे मान्य करूनही मला वाटतं की वाट हवी. कारण स्तंभावर न लिहिलेलीही माणसं त्या दिवशी तिथे होती. कोरेगावात राहणारे लोक, ज्यांच्या भिंतींना आडोसा करून दोन्हीकडून गोळ्या झाडल्या गेल्या. ते कुठल्याच मजकुरात नाहीत, ना दगडात, ना ग्रँट डफमध्ये, ना फॉरवर्डमध्ये. त्यांच्यापर्यंत जायला गल्लीतूनच जावं लागेल.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी पहाटे साडेचारला मी शिरूरहून निघालो. आजचा हायवे म्हणजे तेव्हाची वाट नव्हे, पण दुसरा रस्ता नव्हता. मित्र आदल्या रात्री दौंडहून आमच्या घरी मुक्कामाला आला होता. तो बाईकवर, पाठीवरच्या बॅगेत पाणी. (आईने त्याला डबा दिला, मला नाही. पळणाऱ्याने खाऊ नये असं तिचं मत.) सरदवाडी, कारेगाव. या कारेगावने फोनवरचं मॅप दर वेळी फसतं, कोरेगाव टाइप केलं की आधी ते दाखवतं. रांजणगावला गणपतीला बाहेरूनच हात जोडले. तिथून पुढे कंटेनरच्या रांगा, शिफ्टच्या बस, कडेला पाय ठेवायला जागा नाही. तीस किलोमीटरवर, शिक्रापूरला, पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्यात बसलो. तोफा नव्हत्या, दर दोन किलोमीटरला पाणी होतं, तरी बसलो. उरलेलं अंतर बाईकवर मागे बसून.

कोरेगाव मागे टाकून, पूल ओलांडून आम्ही आधी स्तंभाला गेलो. माझी पहिली वेळ. त्याने काही समजावून सांगितलं नाही. बूट काढले, मीही काढले. मी नावं वाचली. मोठ्याने नाही, पण ओठ हलले. तो बाजूला उभा होता. मी म्हटलं, "तो २०१८ चा मेसेज..." तो म्हणाला, "माहितीये." आणि थोड्या वेळाने, "आकडा बरोबर होता तुझा." यापेक्षा टोचणारं वाक्य मी ऐकलेलं नाही.

मग मी विचारलं, पलीकडे जाऊया का, चालत? तो लगेच हो म्हणाला नाही. एवढ्या वेळा इथे आलेला माणूस, पूल चालत ओलांडून गावात कधी गेला नव्हता. २०१८ नंतर तर घरून सक्त ताकीद. तो पुलाकडे बघत राहिला. मी शेकडो वेळा तोच पूल उलट दिशेने ओलांडून कधी खाली उतरलो नव्हतो. आमच्या दोघांचा मिळून एकच रस्ता होता, आणि दोघांकडे त्याचं अर्धंअर्धं होतं.

गेलो. पुलावर चालणाऱ्यासाठी म्हणून वेगळं काही नाही, ट्रक गेला की कठडा हलल्यासारखा वाटतो. खाली पाणी थोडं, जलपर्णी जास्त. गावात शिरलो. मी लंगडत, पळायच्या चड्डीत. तो हातात हेल्मेट घेऊन. पारावर एक आजोबा बसले होते. आम्ही नदीकडे जायची वाट विचारली.

"कुठले?"

मी शिरूर म्हटलं. त्याने दौंड म्हटलं.

"आडनाव?"

मी माझं सांगितलं. मग मित्राने त्याचं. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं.

"रस्त्यानं नका जाऊ, लांब पडंल," ते म्हणाले. "ह्या बोळातून खाली उतरा. म्होरं मळा लागंल, त्याच्या बांधानं जा. जपून, वल हाय."